पालवी, अळी आणि घरटे : वसंताच्या आरंभी टेकडीवर काय पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहता, पाचवीतली मुलगी बरोबर असते, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत दर रविवारी सकाळचे दोन-अडीच तास मोकळे मिळतात. या दिवसांत फुलपाखरे आणि घरटी करणारे पक्षी दोन्ही पाहायचे असतील तर कुठे जावे, नेमके काय शोधावे, आणि पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून काय पाळावे, असे आपण विचारले आहे. मी गेली सव्वीस वर्षे पुण्याच्या टेकड्यांवर आणि सिंहगडाच्या परिसरात याच दिवसांत फिरत आलो आहे. उत्तर लांब होणार आहे, कारण हा विषय मला अतिशय जवळचा आहे आणि यात घाईने दिलेला सल्ला पक्ष्यांच्या पिल्लांना महाग पडू शकतो.

आपण फुलपाखरांसाठी एक फेरी आणि घरट्यांसाठी दुसरी असा बेत मनात धरला आहे, असे प्रश्नाच्या मांडणीवरून वाटते. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन गोष्टींना जोडणारा धागा पालवीत आहे. शिशिरात पाने गाळून बसलेल्या झाडांना फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळी पाने येऊ लागतात, त्या कोवळ्या पानांवर फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या माद्या अंडी घालतात, अंड्यांतून निघालेल्या अळ्या पाने खातात, आणि त्याच अळ्या पक्षी चोचीत धरून पिल्लांकडे नेतात. एरवी मध पिणारे सूर्यपक्षी आणि दाणे टिपणाऱ्या चिमण्यासुद्धा पिल्लांना पहिले दिवस किडे आणि अळ्याच भरवतात, कारण वाढत्या अंगाला लागणारी प्रथिने मधातून किंवा धान्यातून पुरेशी मिळत नाहीत. म्हणून दहा ठिकाणे पालथी घालण्यापेक्षा एकच लहानसा तुकडा निवडावा, त्यात कोणत्या झाडाला कधी पालवी आली याची नोंद ठेवावी आणि सहा-सात रविवार तिथेच जावे. एक आंबा, एक वड किंवा पिंपळ, थोडी रुईची झुडपे, जवळ एखादे वाळके फांदे असलेले झाड आणि मातीची उघडी दरड एवढे सगळे शंभर-दोनशे पावलांत असेल, तर त्याहून चांगली जागा मिळणे कठीण आहे.

आधी एक अपेक्षा नीट करून घ्यावी लागेल. युरोपातली वर्णने वाचलेल्या माणसाला वसंत म्हणजे फुलपाखरांचा मुख्य हंगाम वाटतो, कारण तिथे थंडीने थांबलेले जीवन उन्हाबरोबर सुरू होते. आपल्याकडे जीवन थांबते ते पाण्यावाचून. महाराष्ट्रात फुलपाखरांचा खरा बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत असतो. ऑक्टोबरात ज्या पायवाटेवर तासाभरात तीस प्रकार दिसतात, तिथे मार्चमध्ये आठ-दहा दिसले तरी पुष्कळ झाले. वसंतातली वाढ छोटी असते आणि ती पालवी, फुले आणि ओलावा शिल्लक असलेल्या जागांपुरती मर्यादित असते. मात्र याचा एक लाभ आहे. गवत वाळलेले आणि झाडे अर्धी निष्पर्ण असल्यामुळे जे आहे ते स्पष्ट दिसते, आणि प्रकार थोडे असल्यामुळे नवशिक्याला प्रत्येकाशी नीट ओळख करून घेता येते. मुलीसाठी तर मी हाच काळ सर्वांत योग्य मानतो.

दोन-अडीच तासांची विभागणी निसर्गानेच करून ठेवली आहे. या दिवसांत पुण्यात सूर्योदय साडेसहा ते सातच्या सुमारास होतो, आणि पुढचा तास-दीड तास पक्ष्यांचा असतो. दयाळ पक्ष्याचा नर मार्चच्या सुरुवातीपासून उंच शेंड्यावर किंवा विजेच्या तारेवर बसून गाऊ लागतो. तांबट पक्ष्याचे टुक्-टुक्-टुक् एका लयीत सुरू होते. चोच मिटलेली असते आणि प्रत्येक ठोक्याला गळा फुगतो, हे दुर्बिणीतून मुलीला अवश्य दाखवावे. फुलपाखरांना मात्र उडण्यासाठी आधी अंग तापवावे लागते. साडेआठच्या सुमारास ऊन जमिनीवर आले की ती पंख उघडून उन्हात बसतात, आणि तेव्हा ती सुस्त असल्यामुळे सर्वांत जवळून पाहता येतात. पुढे सरकताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. पावलांपेक्षा सावलीने ती अधिक लवकर उडतात. दहा-साडेदहाला ऊन चढले की आपण परत फिरावे. त्यानंतर घरट्याजवळ थांबणे पक्ष्यांच्या दृष्टीने धोक्याचे असते. त्याचे कारण पुढे सांगतो.

आता घरटी कशी शोधावीत. खरे तर घरटे शोधूच नये. झुडपे बाजूला सारून शोध घेणारा माणूस कावळ्याला, भारद्वाजाला आणि खारीला वाट दाखवत असतो. त्याऐवजी एका जागी वीस मिनिटे बसावे आणि पक्ष्याच्या चोचीकडे पाहावे. चोचीत गवताची काडी, कापूस किंवा कोळ्याचे जाळे असेल तर घरटे बांधणे चालू आहे. अळी किंवा नाकतोडा पकडून पक्ष्याने तो लगेच गिळला, तर ती त्याची स्वतःची न्याहारी आहे. पण अळी चोचीत तशीच धरून तो एका दिशेने सरळ उडत गेला, तर तिकडे पिल्ले आहेत. आणि घरट्याकडून निघताना चोचीत पांढरी, ओलसर पुडी दिसली, तर ती पिल्लांची विष्ठा आहे. घरट्याला वास राहू नये आणि ते स्वच्छ राहावे म्हणून आईबाप ती लांब नेऊन टाकतात. या तीन खुणा कळल्या की घरटे प्रत्यक्ष न पाहताही त्याच्या आत काय चालले आहे, हे रविवारागणिक सांगता येते. मुलीला या तीन खुणा पहिल्याच दिवशी शिकवाव्यात.

या दिवसांत आपल्या परिसरात हमखास दिसेल ते तांबटाचे काम. तांबटाची जोडी शेवगा, पांगारा किंवा गुलमोहर यांसारख्या मऊ लाकडाच्या वाळलेल्या फांदीत, बहुधा फांदीच्या खालच्या बाजूने, गोल भोक कोरते. तोंड खाली असल्यामुळे पावसाचे पाणी आत जात नाही. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने कोरतात, आणि काम आत खोल गेले की चोचभर भुसा बाहेर आणून टाकताना दिसतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. तांबट वर्षभर रात्री झोपण्यासाठीही अशी भोके वापरतो, त्यामुळे भोक दिसले म्हणजे घरटे सापडले असे लिहू नये. चोचीत उंबर किंवा किडा घेऊन पक्षी आत शिरताना दिसला, तरच पिल्लांची नोंद करावी. पोपट आणि साळुंक्याही ढोल्यांच्या शोधात असतात आणि तयार ढोलीवरून होणारी भांडणे फेब्रुवारीत पाहण्यासारखी असतात. मार्चमध्ये राखी धनेशाची जोडी जुन्या झाडांच्या ढोल्या डोकावून पाहत फिरते. पुढे एप्रिलच्या सुमारास मादी ढोलीत शिरून तोंड आतून लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर तिला आणि नंतर पिल्लांना त्या फटीतून भरवतो. नराला काही झाले तर सगळे कुटुंब उपाशी राहण्याची वेळ येते, म्हणून धनेशाच्या ढोलीखाली गर्दी करणे मला अक्षम्य वाटते.

सूर्यपक्ष्याचे घरटे आपल्याला टेकडीपेक्षा सोसायटीतच लवकर दिसेल. एखाद्या खाली आलेल्या फांदीच्या टोकाला, कधी कपडे वाळत घालण्याच्या तारेला, कचऱ्याची पुडी लोंबकळावी तसे ते दिसते. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले गवत, त्यावर सालपटे, वाळकी पाने आणि अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवलेली, बाजूला दार आणि दारावर छोटी पडवी, असे त्याचे रूप असते. बांधकाम मादी करते आणि अंडीही तीच उबवते. नर पिल्लांना भरवायला येतो. लालबुड्या बुलबुल याच काळात छातीएवढ्या उंचीच्या झुडपात किंवा बाल्कनीतल्या कुंडीत वाटीसारखे घरटे करतो, आणि त्याची अंडी दोनेक आठवड्यांत फुटतात. शिंपी पक्षी पाने शिवताना मार्चपासून दिसू शकतो, पण त्याचा भर पावसाळ्यावर असतो. सुगरणीची घरटी मात्र आत्ता शोधू नयेत. ज्या लोंबत्या खोप्यांची आपण चित्रे पाहतो, ती विणली जातात पावसाळ्यात, हिरवे गवत उगवल्यावर. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीम येथे सुगरणीचा जो प्रसिद्ध अभ्यास केला, तोही पावसाळ्यातलाच. आत्ता बाभळीवर लटकलेले दिसतात ते मागल्या वर्षीचे रिकामे खोपे. तसेच पळसावर आणि काटेसावरीवर गलका करणारे भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे पाहून त्या इथेच वीण करतील असे वाटते, पण त्या परतीच्या वाटेवर असतात आणि मध्य आशियाकडे जाऊन घरटी करतात.

वेड्या राघूबद्दल सविस्तर लिहायलाच हवे, कारण पक्षी पाहताना कसे बसावे हे मला त्यानेच शिकवले. हा हिरवा, सडपातळ पक्षी मातीच्या दरडीत किंवा वाळूच्या ढिगाऱ्यात आडवे बीळ खणून आत अंडी घालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बिळांचे काम सुरू झालेले दिसते. २००२ मध्ये पुण्यातले संशोधक मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यावरचा एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस अशा जागी उभा असेल की त्याला बीळ दिसू शकते, तर वेडा राघू बिळात जाण्याचे टाळतो. तोच माणूस तेवढ्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा जागी उभा राहिला, तर तो तुलनेने निःशंकपणे आत जातो. म्हणजे समोरच्याला काय दिसते आहे, याचा अंदाज तो पक्षी घेतो. यावरून मी स्वतःसाठी एक नियम केला आणि तो सगळ्या घरट्यांना लावतो : आपण अशा ठिकाणी बसावे की पक्ष्याची बसण्याची फांदी, तार किंवा खांब दिसेल, पण घरट्याचे तोंड थेट नजरेच्या रेषेत येणार नाही. असे बसल्यावर पक्षी काही मिनिटांत आपल्याला विसरतात आणि त्यांच्या सगळ्या हालचाली पाहायला मिळतात. वेडा राघू हवेतून मधमाशी किंवा चतुर टिपतो, फांदीवर येऊन आपटतो आणि मगच बिळाकडे जातो. फुलपाखरेही त्याच्या आहारात असतात, आणि त्याच्या आवडत्या फांदीखाली गळून पडलेले पंख सापडतात. ते पंख गोळा करून कोणत्या फुलपाखरांचे आहेत हे ओळखणे, हा मुलीसाठी उत्तम अभ्यास आहे.

फुलपाखरांच्या बाबतीतही फुलांपेक्षा पानांकडे पाहावे, असाच माझा आग्रह राहील. फुलावर आलेले फुलपाखरू क्षणात उडून जाते, पण मादी अंडी घालत असेल तर ती त्याच झाडाभोवती दहा-दहा मिनिटे घुटमळते, पानावर उतरून पायांनी पान चाचपते आणि पोट वाकवून एक अंडे ठेवते. प्रत्येक जातीची खाद्य वनस्पती ठरलेली असते, त्यामुळे झाड ओळखता आले की फुलपाखरू कुठे भेटेल हे आधीच सांगता येते. लिंबू, बेल आणि कढीपत्ता यांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन; सोसायटीत ओळीने लावलेल्या उंच खोट्या अशोकावर आणि सीताफळावर टेल्ड जे; वड, पिंपळ, उंबर आणि कण्हेर यांवर कॉमन क्रो, ज्याचा कोष चांदीसारखा चकाकतो; आंब्यावर कॉमन बॅरन, ज्याची हिरवी, पिसासारख्या काट्यांची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पडून राहते की पाठीवरची फिकट रेघ आणि पानाची शीर एकच वाटावी; पानफुटीवर रेड पिएरो, ज्याची अळी जाड पानाच्या आत शिरून दोन पापुद्र्यांमधला गर खाते; आणि पाणी मिळणाऱ्या बागेत उगवलेल्या आंबुशीवर पेल ग्रास ब्लू, जे इतके लहान असते की लोक त्याला पतंग समजून पुढे जातात. मार्चअखेरीपासून बहाव्याला नवी पाने येऊ लागली की पिवळट-पांढरी कॉमन एमिग्रंट तिथे घिरट्या घालताना दिसतील. टेकडीवर गिरिपुष्पाची लागवड मोठी आहे आणि त्याच्या गुलाबी फुलांवर या दिवसांत सूर्यपक्षी आणि भुंगे येतात. पण मूळ मध्य अमेरिकेतल्या या झाडाच्या पानांवर आपल्या फुलपाखरांची अळी मला आजवर दिसलेली नाही, म्हणून अळ्यांसाठी तिथे वेळ घालवू नये.

रुईचे झुडूप मात्र सोडू नये. त्यावर प्लेन टायगर या नारिंगी-काळ्या फुलपाखराची अळी असते. अंगावर पांढरे, काळे आणि पिवळे पट्टे, आणि पाठीवर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. रुईच्या चिकातली विषारी द्रव्ये ती अंगात साठवते आणि ती पुढे फुलपाखरातही उतरतात, म्हणून पक्षी त्याला टाळतात. त्याचे उडणे पाहावे : संथ, बेफिकीर, उघड्यावर. डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या एका फुलपाखराची मादी हुबेहूब असेच रूप घेऊन फिरते, जरी ती स्वतः विषारी नसते. इथे पक्षी आणि फुलपाखरू यांचा संबंध उलट बाजूने दिसतो. पक्ष्याच्या चोचीने फुलपाखरांचे रंग घडवले आहेत. फुलपाखरांच्या मागच्या पंखांवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा तुकडा गेलेला दिसला, आणि दोन्ही पंखांवर तो समान असला, तर पंख मिटून बसले असताना पक्ष्याने मारलेली, पण हुकलेली चोच म्हणून त्याची नोंद करावी.

आणखी एक रूप याच काळात पाहण्यासारखे आहे. कॉमन इव्हनिंग ब्राउन हे फुलपाखरू पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे घेऊन येते, आणि कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीत ते डोळे जवळजवळ नाहीसे होऊन सगळा पंख वाळक्या पानासारखा होतो. हिरव्या गवतात पक्ष्याचा हल्ला डोक्यावरून पंखाच्या कडेकडे वळवायला डोळे उपयोगी पडतात. पाचोळ्यात मात्र दिसूच नये हे अधिक फायद्याचे ठरते. सावलीतल्या पाचोळ्यात सावकाश चालत गेल्यास पायाजवळून एखादे वाळके पान उडाल्यासारखे ते उठते आणि दोन हातांवर पुन्हा नाहीसे होते.

टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या पाण्याभोवती, आणि घाटाच्या बाजूला गेलात तर आटत चाललेल्या ओढ्यांच्या ओलसर वाळूवर, नर फुलपाखरे जमून सोंडेने ओलावा शोषताना दिसतात. याला चिखलपान म्हणतात. त्यांना तिथून क्षार मिळतात, विशेषतः सोडियम, जे पानांत आणि फुलांच्या मधात फार कमी असते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉरमॉन, ज्याला आता मराठीत नीलवंत म्हणतात, पश्चिम घाटाच्या सावलीतल्या ओढ्यांवर अशा वेळी भेटू शकते. वसंतात मात्र ते पावसाळ्यानंतरच्या मानाने विरळ असते, म्हणून केवळ त्याच्यासाठी लांबचा प्रवास आत्ता करू नये.

एकाच झाडावर सगळा विषय पाहायचा असेल, तर बांडगूळ लागलेला जुना आंबा शोधावा. बांडगुळाच्या नारिंगी, नळीसारख्या फुलांवर सूर्यपक्षी येतात. त्याची फळे टिकेलचा फुलटोचा हा अंगठ्याएवढा पक्षी खातो. बी इतके चिकट असते की विष्ठेबरोबर बाहेर पडतानाही ते सुटत नाही, तेव्हा पक्षी फांदीवर बूड घासतो आणि बी तिथेच रुजते. फुलटोच्याचे स्वतःचे घरटेही फेब्रुवारीपासून सुरू होते : वनस्पतींच्या तंतूंचा नमदा करून बनवलेली, तांबूस रंगाची छोटी लोंबती पिशवी. आणि त्याच बांडगुळाच्या पानांवर हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझबेल, या फुलपाखराची मादी पिवळी अंडी ओळीने मांडून ठेवते, आणि अळ्या एकत्र राहून पाने खातात. या फुलपाखराच्या पंखांची खालची बाजू पिवळ्या आणि लाल ठिपक्यांची असते. ज्याने कुणी हे मराठी नाव दिले, त्याने नेमके पाहून दिले आहे. आंब्याच्या बागायतदाराला बांडगूळ नकोसे असते आणि त्याची अडचण खरी आहे, पण सोसायटीतल्या किंवा टेकडीवरच्या जुन्या आंब्यावरचे थोडे बांडगूळ राहू द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती असते.

आता त्रासाबद्दल. बावीस वर्षांपूर्वी मी बुलबुलाच्या घरट्याचे छायाचित्र घेण्यासाठी समोरची दोन पाने हाताने वाकवून मागे खोचली, चार छायाचित्रे घेतली आणि पाने पुन्हा सरळ केली असे समजून निघालो. एक पान मागेच राहिले होते. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते आणि खाली एक पीस पडले होते. तीन पिल्ले गेली, ती माझ्यामुळे, यात मला शंका नाही. तेव्हापासून मी घरट्याभोवतीच्या एकाही पानाला हात लावत नाही आणि दुसऱ्यालाही लावू देत नाही. आपण किमान पंधरा-वीस मीटर लांब राहावे आणि ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची, दुर्बीण वापरावी. दोन मीटरवरच्या वस्तूवरही नजर स्थिर करता येईल अशी दुर्बीण घेतली, तर तीच फुलपाखरांनाही चालते. चोचीत खाऊ घेऊन आलेला पक्षी आत न जाता फांदीवर अस्वस्थपणे ओरडत राहिला, तर आपण चुकीच्या जागी आहोत असे समजून लगेच मागे सरकावे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या काळात नर तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून खाण्याचे आणि भरवण्याचे काम सोडून भांडायला येतो.

उन्हाची गोष्ट वर अर्धवट सोडली होती. आपल्याकडे मार्चच्या दुपारी उघड्यावरची अंडी गार पडण्याची भीती नसते, ती भाजण्याची असते. पक्षी अंड्यांवर बसतो तो त्या वेळी सावली धरण्यासाठी. टिटवी उघड्या माळावर खड्यांच्या मध्ये चार अंडी घालते आणि कडक उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन अंड्यांवर बसते. आपण तिथे दहा मिनिटे उभे राहिलो तर ती दहा मिनिटे अंडी उन्हात राहतात. मार्चपासून टेकडीच्या उघड्या भागात टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर अंडी शोधू नयेत, पायाखाली पाहत आल्या वाटेने परत जावे. रंग इतका मिसळलेला असतो की दिसण्याआधी पाय पडतो.

कायद्याची बाजूही माहीत असावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे आणि त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे यांचा समावेश आहे. पण प्रत्यक्षात शहरात जास्त घरटी जातात ती फांद्यांच्या छाटणीत. पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते, म्हणजे नेमकी विणीच्या भरात, आणि वाळकी फांदी धोकादायक म्हणून सर्वांत आधी तोडली जाते, जी तांबटाची आणि सुतार पक्ष्याची जागा असते. शहरी भागातली झाडे १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली येतात आणि तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आपण मार्चमध्ये केलेल्या नोंदींचा सोसायटीला सर्वांत मोठा उपयोग इथे होईल : कोणत्या झाडावर, कोणत्या फांदीवर वीण चालू आहे, हे लिहून दिले तर ज्या फांद्यांचा खरोखर धोका नाही त्यांची छाटणी पिल्ले उडेपर्यंत थांबवता येते. आमच्या ओळखीच्या दोन सोसायट्यांत हे शक्य झाले आहे. टेकडीवरचा वणवा हा दुसरा शत्रू. फेब्रुवारी ते एप्रिल वाळलेल्या गवताला आग लागते आणि जमिनीवरची घरटी, गवताच्या बुडाशी असलेले कोष, पाचोळ्यात लपलेली फुलपाखरे एकाच वेळी जळतात. धूर दिसला की वनविभागाला आणि अग्निशामक दलाला लगेच कळवावे. स्वतः मुलीसह आगीजवळ जाऊ नये.

नोंदवही साधी ठेवावी. तारीख, वेळ, झाड, पालवीची स्थिती, कोणते फुलपाखरू काय करत होते, कोणत्या पक्ष्याच्या चोचीत काय होते. अंडी मोजण्याचा मोह टाळावा. मोजण्यासाठी घरट्यात डोकावावे लागते. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाकताना घरट्याची नेमकी जागा उघड करू नये, आणि धनेश किंवा घुबडासारख्या पक्ष्याच्या ढोलीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकायचे असेल तर पिल्ले उडाल्यावरच टाकावे.

रविवारच्या मधल्या सहा दिवसांत मुलीला काय द्यावे, हे आपण विचारलेले नाही, पण सांगतो. कढीपत्त्याचे एक रोप बाल्कनीत, उन्हाच्या जागी ठेवावे. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक फवारलेले असू शकते, म्हणून ते धुऊन, नवी पालवी फुटेपर्यंत थांबावे. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळे, गोल अंडे दिसले की तारीख लिहावी. तीन-चार दिवसांत निघणारी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी असते आणि तशीच निश्चल पडून राहते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवी होते, आणि हलके डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाची दुभंगलेली शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. एकदा डिवचून पाहणे पुरे. सुमारे दोन आठवड्यांनी कोष आणि आणखी आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू, असा हिशेब या दिवसांच्या उष्णतेत बहुधा जमतो.

त्या रोपावरच्या पाच अळ्यांपैकी दोन-तीन एका सकाळी नाहीशा झालेल्या दिसतील. मुलगी रडेल, माझी मुलगीही रडली होती. अशा वेळी तिला आत न नेता तिथेच, खिडकीमागे, थोडा वेळ बसवावे. शिंपी पक्षी किंवा चिमणी पुन्हा येईल, एक अळी उचलेल, आणि ती न गिळता चोचीत धरून एका दिशेने सरळ उडून जाईल. ती दिशा वहीत लिहून ठेवावी आणि येत्या रविवारी तिथून सुरुवात करावी.